डिझेल गाडीचा फ्युएल प्रेशर सेन्सर: दोष कसा शोधावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅनरवर रेल प्रेशरचा कोड दिसला की पहिली उडी सेन्सर बदलण्यावर पडते. नवा सेन्सर बसतो, पैसे जातात आणि चोर्ला घाटात गाडी पुन्हा त्याच वळणावर दम टाकते. गोव्यातली टॅक्सी, पिकअप, टिपर, मिनीबस, जेसीबी असे कॉमन रेल डिझेल इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी आणि ते दुरुस्त करणाऱ्या फिटरांसाठी ही उत्तरे आहेत. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

हा सेन्सर नेमका कुठला? माझ्या गाडीत तीन-चार प्रेशर सेन्सर आहेत.

इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी जाड पोलादी नळी म्हणजे रेल. तिच्या एका टोकाला किंवा मधोमध पान्याने आवळलेला, तीन वायरींचा कपलर असलेला भाग म्हणजे रेल प्रेशर सेन्सर. ऑइल प्रेशरचा स्विच, इनटेकवरचा बूस्ट सेन्सर आणि बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या फिल्टरला दोन रबरी नळ्यांनी जोडलेला सेन्सर हे तिन्ही वेगळे. रेलच्या दुसऱ्या टोकाला दोन वायरींचा भाग असला तर तो दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह असतो, सेन्सर नव्हे. काउंटरवर नुसता ‘प्रेशर सेन्सर’ मागितला की भलताच भाग हातात पडतो, म्हणून जुन्यावरचा पार्ट नंबर टिपून न्या.

सेन्सर दाब कसा मोजतो? किती व्होल्ट दिसायला हवेत?

आत पोलादाचा पातळ पडदा असतो. डिझेलच्या दाबाने तो किंचित वाकतो, त्यावरच्या पट्ट्यांचा रोध बदलतो आणि आतले छोटे सर्किट त्याचे व्होल्टेज करून ईसीएमकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे, पाठवते. तीन वायरींपैकी एक ५ व्होल्टची, दुसरी अर्थची (अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी), तिसरी सिग्नलची. वायरींचा क्रम आणि रंग गाडीगणिक बदलतात.

बहुतेक सेन्सरांत दाब शून्य असताना सिग्नल ०.५ व्होल्ट आणि कमाल दाबाला ४.५ व्होल्ट असतो. समजा सेन्सर १८०० बारचा आहे (बार हे दाबाचे एकक). मग मधल्या ४ व्होल्टमध्ये १८०० बार बसतात, म्हणजे एका व्होल्टला ४५० बार. आयडलवर रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार असतात. ३०० बार धरले तर सिग्नल १.१७ व्होल्टच्या आसपास हवा. हा हिशेब कागदावर मांडून मगच मल्टिमीटर लावा, म्हणजे समोर आलेला आकडा बरा की वाईट हे लगेच कळते.

लक्षणे कोणती?

चेक लाइट लागते, पिकअप जातो, रेस एका मर्यादेपुढे जात नाही, गाडी धक्के देते, चालता चालता बंद पडते, किंवा सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. अडचण अशी की जाम झालेला फिल्टर, झिजलेला पंप आणि गळका इंजेक्टर हेही हीच लक्षणे देतात. त्यामुळे लक्षणावरून सेन्सरला दोषी ठरवता येत नाही.

कोड सेन्सरचा आला म्हणजे सेन्सरच गेला ना?

नाही. कोडचे दोन गट आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळी तपासणी भरकटते.

पहिला गट विजेचा. पी०१९० सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, पी०१९२ सिग्नल खूप कमी, पी०१९३ सिग्नल खूप जास्त, पी०१९४ सिग्नल मधूनमधून तुटतो. इथे ईसीएमला शक्यतेबाहेरचे व्होल्टेज दिसलेले असते. संशय आधी वायर आणि कपलरवर, मग सेन्सरवर.

दुसरा गट दाबाचा. पी००८७ म्हणजे दाब कमी, पी००८८ म्हणजे जास्त, पी००८९ म्हणजे दाब नियंत्रणात राहत नाही, पी००९३ म्हणजे मोठी गळती. इथे सेन्सर बहुतेक वेळा खरेच सांगत असतो. पी००८७ ला सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देणे. पी००८८ असेल तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) अडकला आहे का, रिटर्नची (उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी) नळी कुठे चेपली आहे का, हे आधी पाहा.

पी०१९१ या दोन्हींच्या मधला. व्होल्टेज मर्यादेत आहे, पण ईसीएमला त्याचा मेळ बसत नाही. त्यासाठी विजेची आणि दाबाची अशा दोन्ही तपासण्या कराव्या लागतात.

आणखी एक कोड नजरेतून सुटतो, पी०६४१. हा ५ व्होल्टच्या पुरवठ्याचा. बऱ्याच गाड्यांत एकच ५ व्होल्टची लाइन तीन-चार सेन्सरांना जाते. त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळे एकदम चुकीचे आकडे दाखवतात. असे झाले तर एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो दोषी.

कामाला हात घालण्याआधी काय सांभाळायचे?

हे उत्तर गाळू नका. चालू इंजिनात उच्च दाबाचा कुठलाही नट सैल करायचा नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग आहे ते पाहायची सवय अनेकांच्या हातात आहे. कॉमन रेलवर ती सवय जिवावर बेतू शकते. आयडललाही तिथे ३०० बारच्या आसपास दाब असतो आणि बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून आत शिरते. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

धार लागलीच तर जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, दुखतही नाही, म्हणून माणूस हात धुऊन पुन्हा कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूंमध्ये पसरत असते. हळद, मलम, ‘उद्या बघू’ यात वेळ घालवू नका. लगेच गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे इस्पितळ गाठा आणि ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ हे शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इंजिन बंद केल्यावर निदान दहा मिनिटे थांबा. सेन्सरवरच संशय असताना स्कॅनरवरच्या शून्यावर विसंबू नका, वाट बघाच.

तपासणीला हत्यारे कोणती लागतात?

लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि बरा डिजिटल मल्टिमीटर. कपलरच्या मागून आत जाईल अशी बारीक पिन, रिटर्न मोजायला सारख्या मापाच्या बाटल्या आणि पारदर्शक नळ्या. बल्बचा टेस्ट लॅम्प या सर्किटवर लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि ईसीएमचे नुकसान करू शकतो.

वायरिंग आणि कपलर कसे तपासायचे?

आधी डोळ्यांनी. कपलर काढा, उजेडात धरा. पिनवर हिरवट भुकटी, आत डिझेलचा ओलावा, मागे सरकलेली पिन, फाटलेला रबरी सील दिसतो का? मग वायरिंग हाताने चाचपत न्या. इंजेक्टरच्या पाइपच्या क्लॅम्पला घासते तिथे आणि इंजिनावरून बॉडीकडे वळते तिथे ती बहुधा उघडी पडते.

मग इग्निशन चालू, इंजिन बंद, कपलर सेन्सरवरून काढलेला. बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजल्यावर ५ व्होल्टच्या पिनवर ४.८ ते ५.२ हवेत. सिग्नलच्या पिनवर बऱ्याच गाड्यांत ५ व्होल्टच्या आसपास दिसतात, काहींत शून्य. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण ते ईसीएमच्या आतल्या रचनेवर ठरते.

ईसीएम आणि वायर ठीक आहे का हे कळायला एक सोपी युक्ती आहे. कपलर काढल्यावर स्कॅनरवर पी०१९३ आला असेल, तर सिग्नल आणि अर्थ या दोन पिना छोट्या जंपर वायरने जोडा. कोड पी०१९२ झाला तर सिग्नलची वायर, अर्थ आणि ईसीएम तिन्ही शाबूत. कपलर काढल्यावर पी०१९२ येत असेल तर उलट करा, सिग्नल ५ व्होल्टला जोडा आणि पी०१९३ येतो का पाहा. ५ व्होल्ट आणि अर्थ हे दोघे मात्र एकमेकांना कधीही जोडू नका. कोड पलटला नाही तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये, आणि त्यातही ईसीएम शेवटी.

अर्थ फक्त कंटिन्युइटीच्या बीपने तपासला तर फसाल. बारा तारांपैकी एकच तार उरली तरी बीप वाजतो. कपलर जोडून, इंजिन चालू ठेवून, मागून पिन घालून अर्थची वायर आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.०५ च्या आत असेल तर उत्तम. ०.२ दिसले तर काय होते बघा: वरच्या १८०० बारच्या उदाहरणात इंजिन बंद असतानाही सेन्सर ०.६८ व्होल्टच्या आसपास देईल आणि ईसीएमला रेलमध्ये ८० बार आहेत असे वाटेल. सेन्सर धडधाकट, अर्थ कुजलेला, आणि गिऱ्हाइकाच्या बिलात नवा सेन्सर.

शेवटी स्कॅनरवर दाबाचा आकडा लावून वायरिंग जागोजाग हलवा. आकडा उडी मारेल तिथे तुटकी तार.

वायरमध्ये सुई टोचून मोजले तर चालेल का?

गोव्यात तर मुळीच नको. त्या छिद्रातून पावसाची ओल आणि किनाऱ्यालगतची खारी हवा आत शिरते. काही महिन्यांत तांबे हिरवे-काळे पडते, बाहेरून इन्सुलेशन मात्र नवे दिसते. असा दोष पुढच्या फिटरला शोधायला सगळ्यात जड जातो.

सेन्सरचे शून्य कसे तपासायचे?

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सेल्फ न मारता नुसते इग्निशन चालू करा आणि स्कॅनरवर रेलचा दाब पाहा. तो शून्याच्या अगदी जवळ हवा आणि सिग्नल ०.५ व्होल्टच्या जवळ. आकडा ४०, ५०, ८० बार दिसत असेल आणि अर्थ व ५ व्होल्ट बरोबर असतील, तर सेन्सर सरकला आहे. पैसा न लागणारी ही तपासणी सर्वांत उपयोगाची, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते.

अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब स्कॅनरवर जुळतात. म्हणजे सेन्सर ठीक?

असे मानू नका. ईसीएमला खरा दाब ठाऊक नसतो, सेन्सर सांगेल तोच दाब त्याच्यासाठी खरा. सेन्सर १०० बार कमी दाखवत असेल तर ईसीएम पंपाकडून १०० बार जास्त घेतो आणि दोन्ही आकडे छान जुळवतो. स्कॅनरवर सगळे आलबेल, पण इंजिन कडक ठोकते आणि लोडवर रेलचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडू शकतो. उलट सेन्सर जास्त दाखवत असेल तर खरा दाब कमी राहतो. मग गाडी सुस्त होते, सकाळी उशिरा पकडते, धूर टाकते, आणि आकडे तरीही जुळलेले.

अशा वेळी मीटरिंग व्हॉल्व्हचा करंट किंवा ड्यूटीचा आकडा (व्हॉल्व्हला किती टक्के वेळ वीज मिळते तो) पाहा. त्याच मॉडेलच्या बऱ्या गाडीवर, इंजिन तेवढेच गरम असताना, आयडलला तो किती असतो याच्याशी ताडा. मोठा फरक असेल आणि सेन्सरचे शून्यही हललेले असेल, तर सेन्सर बदलायला पुरेसा पुरावा मिळाला. म्हणून बऱ्या गाड्या सर्व्हिसिंगला येतात तेव्हाच त्यांचे आयडलचे आकडे वहीत लिहून ठेवावेत असा आमचा आग्रह आहे. ती वही महागड्या स्कॅनरपेक्षा जास्त कामाला येते.

सपाटीवर गाडी छान चालते. अनमोड किंवा चोर्ला चढताना पी००८७ येऊन लिंप मोडमध्ये (ईसीएम ताकद मुद्दाम कमी करते त्या स्थितीत) जाते. सेन्सर?

बहुधा नाही. चढावर लोड असताना इंजिन जास्त डिझेल मागते आणि पुरवठा तिथे तोकडा पडतो. कोणाला तरी शेजारी बसवून लाइव्ह डेटा रेकॉर्ड करायला लावा. अपेक्षित दाब १२००-१४०० बारकडे जातो आणि प्रत्यक्ष दाब हळूहळू मागे पडतो, हे चित्र पुरवठ्याच्या दोषाचे. प्रत्यक्ष आकडा क्षणात शून्यावर किंवा कमाल आकड्यावर जाऊन परत येत असेल तर ते वायरचे काम, कारण डिझेलचा दाब इतक्या झटक्यात येत-जात नाही.

पुरवठ्यात क्रम असा ठेवा. डिझेल फिल्टर आधी, त्यातले पाणी काढून. मग टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी: फिल्टरनंतर थोडी पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का पाहा. दिसले तर पंप कुठून तरी हवा ओढतो आहे. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर त्याचा दाब मोजा, बऱ्याच गाड्यांत तो ४ ते ६ बार असतो. मग इंजेक्टरांचे रिटर्न. प्रत्येकाच्या रिटर्नला सारखी बाटली लावून इंजिन दोन मिनिटे आयडलला चालवा. सगळ्या साधारण सारख्या भरायला हव्यात. एखादी इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर दाब गिळतो आहे. एवढे सगळे बरे निघाले तरच उच्च दाबाचा पंप काढायचा. फिल्टरमध्ये चकाकणारा धातूचा चुरा दिसला तर मात्र तिथेच थांबा. पंप आतून खरवडला आहे. टाकी, नळ्या, रेल, इंजेक्टर सगळे पाहिल्याशिवाय नवा पंप बसवू नका.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही.

सेल्फ मारताना दाब पाहा. बऱ्याच इंजिनांना इंजेक्टर उघडायला साधारण २०० बार लागतात. आकडा ३०-४० वर अडकला तर हवा, रिकामी टाकी, रिटर्नची गळती किंवा बॅटरी मंद असल्याने सेल्फचा वेग कमी. आकडा मुळीच हलत नसेल तर सेन्सर आणि वायर तपासा.

पावसाळ्यात हे दोष का वाढतात?

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ओल कपलरमध्ये जाते. उंदीर उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. डिचोली-साखळी-उसगाव पट्ट्यात तांबडी धूळ तेलकट कपलरवर बसते, पावसात तिचा चिकट लेप होतो आणि सीलच्या कडेने पाणी धरून ठेवतो.

डिझेलमधले पाणी हा दुसरा शत्रू. साइटवर पिंपे उघड्यावर उभी ठेवली की झाकणाच्या खळग्यात पाणी साचते. दिवसा पिंप तापते, रात्री थंड होते आणि बुचाच्या पेचातून ते पाणी आत ओढले जाते. पिंप आडवे किंवा बुचे साचलेल्या पाण्याच्या वर राहतील असे तिरके ठेवा, वर छप्पर असू द्या, तळाचे डिझेल गाडीत ओतू नका. पावसाळ्यात फिल्टरचे पाणी दर आठवड्याला काढा.

दसऱ्याला पूजेआधी गाडी प्रेशर पंपाने धुतली जाते, बॉनेटखालीही. रेल आणि सेन्सरच्या कपलरवर प्लॅस्टिक बांधा आणि धार तिकडे मारू नका. दुसऱ्या दिवशी पी०१९३ घेऊन गाडी आली तर आधी कपलर सुकवा.

कपलर साफ कशाने करावा?

इलेक्ट्रिक काँटॅक्ट क्लीनरने, मग हवेने सुकवून. पॉलिश पेपर नको, पिनवरचा मुलामा जातो. सीलच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. पिनचे हिरवे खोलवर गेले असेल तर साफसफाईने काही दिवसच निघतील, नवा कपलर वायरीसकट जोडा.

सेन्सरचा ओहम मोजून कळेल का?

नाही. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, त्या आकड्याला अर्थ नाही. ओहम मोजायचा असेल तर मीटरिंग व्हॉल्व्हचा मोजा. त्यात कॉइल असते आणि बऱ्याच प्रकारांत ती २ ते ५ ओहमच्या दरम्यान निघते.

सेन्सरचा कपलर काढून घरी पोचता येईल?

काही गाड्या ठरावीक दाब धरून लिंप मोडमध्ये चालतात, काही जागीच बंद पडतात. घाटात किंवा झुआरी पुलावर हा प्रयोग करू नका.

नवा सेन्सर बसवताना काय पाहावे?

सर्वात आधी रेंज. १५०० आणि १८०० बारचे सेन्सर दिसायला सारखे, आटे सारखे आणि कपलरही तोच असू शकतो. १५०० बारच्या गाडीत १८०० चा बसवला की खऱ्या १५०० बारला तो ३.८३ व्होल्ट देतो आणि ईसीएम त्याला १२५० समजते. मग ते दाब वाढवत राहते. रेलमध्ये कायम २० टक्के जास्त दाब आणि कोड एकही नाही. पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा.

भोवतालची जागा आधी धुऊन-पुसून घ्या. रेलमध्ये पडलेला कण थेट इंजेक्टरमध्ये जातो. सील धातूला धातू टेकून होते, टेफ्लॉन टेप किंवा गॅस्केटचा डिंक लावायचा नाही. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापानेच आवळा. काही इंजिनांत सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण रेल बदलावी लागते, हे आधी विचारून घ्या. काहींत बदलल्यावर स्कॅनरने लर्निंग करावे लागते. नंतर शून्य तपासा, आयडल तपासा आणि पुठ्ठा धरून गळती पाहा.

ट्रॉलरचे इंजिन किंवा जुना टिपर असेल तर?

मालीम, कुटबण, खारीवाडा इथल्या ज्या बोटींवर यांत्रिक पंपाची इंजिने आहेत, त्यांत हा सेन्सर नसतोच. जुन्या टिपरचेही तेच. तिथे दाबाची तक्रार पंपवाल्याकडेच न्यावी.

कोड पुसला आणि परत आला नाही. सोडून द्यावे का?

पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढायला हवा होता. कोड पडला त्या क्षणीचा आरपीएम, लोड, इंजिनाचे तापमान आणि दाब त्यात असतात आणि पुसल्यावर ते परत मिळत नाहीत. पुढच्या वेळी आधी फोटो, मग तपासणी, पुसणे शेवटी. या वेळी कपलर उघडून पाहा, शून्य तपासा आणि जिथे कोड आला होता तोच चढ तेवढाच माल भरून पुन्हा चढा, स्कॅनर लावून.